शिशाच्या गोळ्या, लेकीचं काम आणि पुरस्काराचा अर्ज

इंदूरहून एका आईने विचारलं आहे. त्यांची लेक नववीत आहे. दोन वर्षांपासून ती यशवंत सागर तलावाच्या काठावर गळ टाकायला येणाऱ्यांना दोरीला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या गोळ्या देऊन टाकायला सांगते आणि बदल्यात लोखंडी वजनं देते. आतापर्यंत नऊ किलो शिसं जमलं आहे, ते घराच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे. गणेशोत्सवात मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. वर्तमानपत्रात ‘हजारो पक्ष्यांना जीवदान देणारी कन्या’ अशा मथळ्याखाली फोटो आला, दोन्ही ओंजळी शिशाने भरलेल्या. आता शाळा म्हणते, राष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज करा. आजोबांना वाटतं, पोरीच्या डोक्यात हवा जाईल आणि दहावी बुडेल. आणि काठावरचे काका लोक त्या बातमीपासून तिच्याशी धड बोलत नाहीत. काय करावं?

ताई, अर्ज जरूर करा. का आणि कसा ते पुढे सांगते, पण आधी तो गॅलरीतला डबा.

मी पशुवैद्य आहे. महूच्या कॉलेजात शिकले, तीसहून अधिक वर्षं इंदूर आणि आसपास जनावरं आणि पक्षी तपासले. शिसं काय करतं ते टेबलावर पाहिलं आहे, म्हणून पुरस्काराच्या आधी डबा. गोळ्या एकमेकींवर घासल्या की करडी पूड सुटते. ती डब्याच्या तळाशी, झाकणाला, बोटांना लागते आणि बोटांवरून तोंडात जाते. धातूचं शिसं कातडीतून फारसं आत शिरत नाही, म्हणून गोळी नुसती हातात धरल्याने काही झालं असेल असं मानून घाबरू नका. धोका आहे तो न धुतलेल्या हाताने पोहे खाण्यात. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्या माणसाच्या अंगात मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या अंगात मुरतं. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या घरातल्या या वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा डबा आजच झाकण घट्ट लावून, वर जाड पिशवीत घालून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. गॅलरी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. आठवडाभरात लेकीच्या रक्तातलं शिशाचं प्रमाण बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बोटाच्या टोकावरून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासायला सांगा, कारण बोटावरच शिसं लागलेलं असेल तर पहिला आकडा खोटा चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ठरवून दिला आहे. त्यावर गेलं तर शिसं कुठून येतं ते शोधून बंद करायचं. याचा अर्थ त्याखाली सगळं सुरक्षित असा मात्र नाही. शिशाची निर्धोक अशी पातळीच माहीत नाही, असं तीच संघटना सांगते.

नऊ किलोचं पुढे काय? भंगारवाल्याला देऊ नका. तिथून ते कुठल्यातरी शेडमध्ये वितळायला जातं, किंवा फिरून पुन्हा गोळ्या होऊन दुकानात येतं आणि लेकीची दोन वर्षांची मेहनत वाया जाते. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो, त्यात घरगुती घातक कचऱ्याचा डबा आहे. मूठभर गोळ्या असत्या तर त्यात दिल्या तरी चाललं असतं. नऊ किलोसाठी मात्र शाळेच्या लेटरहेडवर पत्र घेऊन शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडे किंवा महापालिकेच्या माध्यमातून द्या आणि वजनाची पावती घ्या. ही पावती जपून ठेवा, अर्जात तिच्याइतका भक्कम कागद दुसरा नसेल.

आता पक्ष्यांचं. लेकीला हे माहीत असेलच, पण नीट मांडता यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पक्ष्यांना दात नसतात. बदकं, हंस असे पक्षी तळातली वाळू, बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या पेषणीत त्या खड्यांच्या साहाय्याने दाणा दळतात. गळाची दोरी तुटली की छोटी गोळी तळाशी राहते आणि पक्ष्याला ती खड्यासारखीच दिसते. पेषणीत दळण आणि आम्ल दोन्ही मिळतं, शिसं झिजतं, विरघळतं, रक्तात जातं. रक्त तयार व्हायचं काम अडतं, नसा लुळ्या पडतात. आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून समोर दाणा असूनही पक्षी वाळत जातो. मान टाकतो, पंख खाली लोंबतात, विष्ठा हिरवी होते.

माझ्याकडे एकदा एक पाळीव बदक असंच आलं होतं. घरच्यांना वाटत होतं, कुत्र्याने धरलं असेल. अंगावर जखम नव्हती. छाती चाचपली तर मधलं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागत होतं. एक्स-रेमध्ये पेषणीच्या जागी तीन पांढरेशुभ्र ठिपके. चौथ्या दिवशी ते गेलं. उघडून पाहिलं तर तीन गोळ्या, झिजून मसूरडाळीसारख्या चपट्या झालेल्या. कागदावर ओढल्या तर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. घरामागच्या डबक्यावर मुलं गळ टाकायची, एवढंच नंतर कळलं.

इंग्लंडमध्ये मूक हंस याच कारणाने इतके मरू लागले की 1987 पासून तिथे 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गोळ्या विकण्यावर बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या तळ्यांवर लून नावाचा पाण्यात बुडी मारणारा पक्षी आहे. तिथे मेलेले लून वर्षानुवर्षं उघडून तपासले गेले, आणि प्रौढ लूनच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण मासेमारीचं शिसं निघालं. तिथल्या तळ्यांवर लहान गोळ्या वापरायला 2000 पासून मनाई आहे, पुढे विकायलाही मनाई झाली. डेन्मार्कने 2002 मध्ये आयात-विक्री थांबवली. लेकीच्या मोहिमेला हा पाया पुरेसा आहे, त्यात भर घालायची गरज नाही.

आणि इथेच मला त्या मथळ्याबद्दल बोलायचं आहे. ‘हजारो पक्ष्यांना जीवदान’ हे कोणी मोजलं? यशवंत सागर आणि इंदूरचाच सिरपूर तलाव, दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, जानेवारी 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. यशवंत सागर सारसांचा मोठा आधार आहे, हिवाळ्यात लालसरीसारखी बुडी मारून तळातलं खाणारी बदकं येतात. तिथे शिसं पडू नये ही काळजी अगदी रास्त आहे. पण मरून पडलेला पक्षी उचलून, उघडून, यकृत-मूत्रपिंडातलं शिसं मोजल्याशिवाय ‘इथे इतके मेले’ किंवा ‘इतके वाचले’ म्हणता येत नाही. तीस वर्षांत मी स्वतः खात्रीने सांगू शकते असं बदक एक आहे, आणि ते तळ्यातलं नव्हतं.

याचा अर्थ लेकीचं काम लहान आहे असा मुळीच घेऊ नका. नऊ किलो शिसं पाण्यात जाण्यापासून थांबलं, हे सिद्ध होतं आणि ते खूप आहे. एक ग्रॅमची गोळी धरली तर नऊ हजार गोळ्या होतात. पण खरंच तेवढ्या आहेत का, हे मोजूनच लिहायला सांगा. माझा अंदाज असा, की त्यातलं बरंचसं वजन फेकजाळ्याच्या घेराच्या मोठ्या मण्यांचं असणार. हा फरक महत्त्वाचा आहे, पण या विषयावर बोलणारे बहुतेक जण तो सोडून देतात. पक्ष्याला धोका मुख्यतः लहान, एकेकटी हरवणाऱ्या गळाच्या गोळीचा. जाळ्याचे मणी ओवलेले असतात, सहसा तळाशी सुटून राहत नाहीत. त्यांचा धोका माणसाला. शिसं 327 अंशाला वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवर, लोखंडी पळीत. मातीच्या साच्यात ओतायच्या आधी वितळलेल्या शिशावर सायीसारखा थर धरतो. तो खरवडून बाजूला टाकतात, त्याची पूड उडते, आणि संध्याकाळी त्याच चुलीवर भाकरी होते. त्यात शिसं जुन्या बॅटरीचं असेल तर आणखी वाईट. गळवाले तर चिरेची, म्हणजे मधे फट असलेली, गोळी दोरीवर बसवून दातांनी चावून बंद करतात. मी काठावर हे कितीदा तरी पाहिलं आहे. अशा काकांना पक्ष्यांचं सांगण्याआधी त्यांच्या दातांचं आणि चुलीजवळ खेळणाऱ्या नातवाचं सांगितलं असतं, तर बातमीनंतरही ते बोलत राहिले असते असं मला वाटतं.

तर लेकीने दोन ढीग करावेत: गळाच्या गोळ्या वेगळ्या, जाळ्याचे मणी वेगळे. दोन्हींचं वजन आणि गळाच्या गोळ्यांची संख्या. हे काम तिने हातमोजे घालून, वर्तमानपत्र पसरून, एखाद्या मोठ्या माणसासोबत एकदाच करावं. शिसंच आहे ना याची खात्री करायची तर पाच-सहा गोळ्या शाळेच्या प्रयोगशाळेत न्याव्यात. 57 ग्रॅम शिसं मोजपात्रातलं पाणी 5 मिलिलिटरने चढवतं. कथील असेल तर जवळपास 8 ने चढवेल. हा प्रयोग आठवीच्या विज्ञानाचा आहे, पण अर्जात तो असला की वाचणाऱ्याला कळतं, मुलीने हात घालून काम केलं आहे.

बदल्यात दिलेल्या लोखंडी वजनांचंही एकदा पाहा. नट-वॉशर दिले असतील आणि ते पांढरे चकचकीत असतील, तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे. जस्तसुद्धा पक्ष्याच्या पोटात विषारी ठरतं. शिसं काढून जस्त दिलं तर आपण फक्त विष बदललं. साधं काळं लोखंड द्या, गंज चढणारं. गंजाची तक्रार काका लोक करतील आणि ती खरी आहे, गंजलेली कड नायलॉनची दोरी कापते. जाळ्याच्या घेराला लोखंडी साखळी लावून पाहता येते. गळासाठी कथिलाची मऊ गोळी उत्तम, चिमट्याने दाबून बसते, फक्त महाग पडते. टंगस्टन शिशाहूनही जड आहे, पण त्याची किंमत आपल्या काठावर परवडणारी नाही.

मच्छिमार म्हणतात, ‘लोखंडात दम नाही’, तेही अगदीच खोटं नाही. शिशाची घनता 11.34, लोखंडाची 7.87. पाणी उचलून धरतं ते वजा केलं, तर तितकाच ओढा मिळायला लोखंड आकाराने साधारण दीडपट लागतं. दगड सहापट. म्हणून त्याच मापाचा लोखंडी तुकडा दिला की गळ वर तरंगल्यासारखा होतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत शिशाकडे जातो. दीडपट मापाचा द्या. लेकीने हे गणित काठावर बादलीत करून दाखवलं तर तिथे तिची पत वाढेल. मडक्याच्या मातीची भाजलेली वजनं तर हडप्पा काळापासून जाळ्यांना लावली जात होती, वयस्कर मंडळींना विचारा, कदाचित त्यांच्या आठवणीतही असतील.

त्या काकांकडे तिला एकदा घेऊन जा. बातमी न घेता, कॅमेरा न घेता. तिने सरळ सांगावं की पेपरात आलं ते तसं नव्हतं, गोळ्या तुम्ही दिल्या म्हणून जमल्या. ज्या माणसाने शंभर रुपयांचं शिसं स्वतःहून हातावर ठेवलं, त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात पक्ष्यांचा वैरी म्हणून वाचायला मिळालं, तर त्याने बोलायचं का? वर्तमानपत्रालाही दोन ओळींची दुरुस्ती पाठवा, संख्येबद्दल आणि मच्छिमारांबद्दल. छापतील न छापतील, प्रत तुमच्याकडे राहील. आणि तो ओंजळींचा फोटो कुठेही पुन्हा वापरू नका. तो पाहून दहा पोरं शिशात हात घालतील. नवा काढा, झाकण लावलेली पारदर्शक बरणी, शेजारी लेक, आणि काका तयार असतील तर तेही.

आता अर्ज. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार 5 ते 18 वयाच्या मुलांसाठी आहे. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला-संस्कृती, विज्ञान-तंत्रज्ञान असे त्यात विभाग आहेत, तिचा अर्थातच पर्यावरण. नाव मूल स्वतः पाठवू शकतं, शाळा किंवा कोणीही नागरिक सुचवू शकतो. सगळं राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावरूनच होतं. मुदत त्या वर्षीच्या घोषणेत पाहा आणि शेवटच्या आठवड्यासाठी थांबू नका. पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो, अलीकडे 26 डिसेंबरला. परदेशातला डायना पुरस्कारही आहे, 9 ते 25 वयासाठी, भारतातली मुलंही त्याला पात्र असतात. मात्र तिथे आई-वडिलांना नाव सुचवता येत नाही, तिचं काम जवळून पाहिलेल्या शिक्षकांसारख्या कोणीतरी सुचवावं लागतं. दोन्हींची कागदपत्रं बरीचशी तीच.

बाल पुरस्काराच्या अर्जात काम 500 शब्दांत सांगायचं असतं. पहिल्या वाक्यात तिचं वय आणि तिचं मोठेपण नको. ‘यशवंत सागरच्या काठावरच्या इतक्या जणांनी दोन वर्षांत इतक्या गोळ्या आणि इतके किलो मणी दिले, त्याची पावती सोबत आहे’ असं सुरू करा. मग ती हे कसं करायला लागली, काय फसलं, कोणी नकार दिला, नकारानंतर तिने काय बदललं. फसलेलं लिहायला घाबरू नका. निवडणाऱ्यांपुढे सगळ्यांचं सगळं यशस्वी झालेलं येतं. कोणत्या महिन्यात कोणाकडून किती शिसं आलं याची वही असेल तर तिची पानं जोडा. नसेल तर आठवून खोटी बनवू नका, आजच्या तारखेपासून सुरू करा. दोन-तीन मच्छिमारांचं साधं पत्र, हिंदीत, सही किंवा अंगठा. आणि लिहिणार ती, तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा.

हे इतकं बजावून सांगते, कारण एक मुलगा आठवतो. त्याच्या प्रकल्पाला मी थोडी मदत केली होती. काम चांगलं होतं, पण अर्ज भरताना मोठ्या माणसांनी आकडे फुगवले. मुलाखतीत परीक्षकांनी अगदी प्रेमाने विचारलं, बेटा, हे मोजलं कसं? त्याला सांगता आलं नाही. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, इटारसीपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचं खरं काम सांगायला त्याच्याकडे दहा मिनिटं होती, आणि ती आमच्यामुळे गेली. त्या अर्जावर मीही नजर टाकली होती आणि गप्प राहिले होते.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी मला पोकळ वाटत नाही, सत्कारांच्या रांगेत मुलांची वर्षं जातात. त्यांच्याशी एक ठरवून टाका: या वर्षी एक अर्ज, फार तर दोन, महिन्याला एकच कार्यक्रम, आणि दहावीच्या वर्षी काठावर फक्त सुट्टीत. तिच्या गैरहजेरीत गोळ्या जमा करायला गळाच्या दुकानातच एक बंद बरणी ठेवता येईल. न्यू हॅम्पशरमध्ये दुकानंच शिसं परत घेतात आणि बदल्यात खरेदीचं कूपन देतात. आपल्याकडे दुकानदार कूपन देणार नाही, पण राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेला पुरस्कार घेऊन एक मुलगी आली तर काउंटरवर कथिलाच्या गोळ्यांची एक पुडी नक्की ठेवून पाहील. मत्स्य विभागाचं, महापालिकेचं दारही त्याच पुरस्काराने लवकर उघडतं. मला पुरस्कार हवा आहे तो यासाठी. तिच्या वयाच्या मुलांना एरवी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात.

पद्मश्री मिळालेले भालू मोंढे आपल्याच गावचे, चित्रकार माणूस, आणि सिरपूर तलावासाठी किती वर्षं झटले ते इंदूरकरांनी पाहिलं आहे. लेकीला एकदा पहाटे सिरपूरला घेऊन जा, दुर्बीण घेऊन, शिशाचा विषय न काढता. दोन वर्षं ती काठावर माणसांशी बोलते आहे, तिने पक्षी निवांत पाहिले आहेत का कोण जाणे.

रक्ताचा अहवाल आला की कळवा, आकडा काहीही असो. आणि त्या बदकाची एक्स-रे फिल्म माझ्याकडे अजून आहे, लेकीला हवी असेल तर येऊन घेऊन जावी. कोपऱ्यात मी तेव्हाच लिहून ठेवलं आहे, ‘पाळीव बदक, एक, गोळ्या तीन’. शाळेत दाखवताना तिने तेवढंच वाचून दाखवावं.